तांदळाची पेढी ते अमळनेरचा वनस्पती कारखाना

विप्रो म्हटले की आजची पोरे बंगळूरचे नाव घेतात. कंपनीचा जन्म मात्र आपल्या अमळनेरचा, आणि तोही शेंगदाण्याच्या तेलावरचा. ती काढणारे मोहम्मद हाशम प्रेमजी.

प्रेमजींचे घराणे गुजराती खोजा, धंदा मुंबईत तांदळाचा. मोहम्मदशेठ तरुणपणीच पेढीवर बसले. ब्रह्मदेशच्या तांदळात त्यांचा जम असा बसला की लोक त्यांना तिकडचा तांदूळराजाच म्हणत. पण १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद पडला. पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. धान्याची आवक-जावक सरकारच्या हाती गेल्यावर खासगी पेढीला उरते काय? दुसरा धंदा शोधणे भाग होते.

२९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनीची नोंदणी झाली. अमळनेर तेव्हा पूर्व खानदेशात. भोवती भुईमुगाची शेती, दाराशी सुरत-भुसावळ रेल्वे, गावात प्रतापशेठांची कापड गिरणी असल्याने कामगारांना भोंग्याची सवय. जागा हेरली ती व्यापाऱ्याच्या नजरेने, असेच म्हणावे लागेल.

कारखान्यात वनस्पती तूप बनू लागले. शुद्ध केलेल्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मुरवला की तेल तुपासारखे घट्ट होते. त्यात ठराविक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याचे बंधन सरकारने घातले. कारण साधे. कुणी साजूक तुपात वनस्पती मिसळले, तर तिळाच्या तेलावरून चाचणीत ते उघडे पडते. मालाचे नाव सनफ्लॉवर, पण सूर्यफुलाशी त्याचा संबंध नव्हता! तेलाच्या उरल्यासुरल्या भागातून ७८७ नावाचा कपड्यांचा साबण निघे. काही वाया घालवायचे नाही, हा पेढीवरचा हिशेब इथेही चालला.

१९४६ साली १०० रुपयांचे शेअर विक्रीला काढले. गावातल्या लोकांनीही ते घेऊन ठेवले. फाळणीच्या वेळी जिनांनी प्रेमजींना पाकिस्तानात बोलावले होते, असे सांगतात. ते गेले नाहीत.

११ ऑगस्ट १९६६ रोजी ते अचानक वारले. मुलगा अझीम २१ वर्षांचा, अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून आला. कंपनीची उलाढाल सुमारे ७ कोटींची. भागधारकांच्या सभेत एकाने, हा पोरगा काय कंपनी चालवणार, शेअर विकून मोकळा हो, असे तोंडावर सुनावले म्हणतात.

पोराने पहिले लक्ष घातले ते शेंगांच्या खरेदीत. तोवर खरेदीदार दाणा चावून तेलाचा अंदाज बांधत आणि भाव ठरवत. चांगला माल घालणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात किती नुकसान होई, ते ज्याने गाडी भरून नेली त्यालाच ठाऊक. ती अंदाजाची पद्धत जाऊन तेलाचे प्रमाण तपासून खरेदी सुरू झाली.

१९७७ मध्ये कंपनीचे नाव विप्रो प्रॉडक्ट्स झाले, पुढे संगणक आले. बोनसवर बोनस मिळत त्या जुन्या शेअरांची संख्या वाढत गेली. अमळनेरात ज्या घरांनी ते कागद पेटीत जपून ठेवले, ती कोट्यधीश झाली. लग्नकार्याला, विहिरीला ज्यांनी ते मोडले, त्यांचा काय दोष? तेव्हा तो तुपाच्या कारखान्याचा कागद होता.