कै. पालवणकर बाळू

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलुखातून चाकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरणारी माणसे आपणांस घरोघरी आढळतात. पोटासाठी पत्करलेल्या अशाच चाकरीतून मोठी कीर्ती मिळवणारे एक क्रिकेटपटू पुण्यात होऊन गेले. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म इ. स. १८७५ च्या सुमारास धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. वडील लष्कराच्या चाकरीत होते. पुण्यास पारशी मंडळींच्या मैदानाची झाडलोट करणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे बाळूंचे पहिले काम. वेतन दरमहा ३ रुपये. इ. स. १८९२ च्या सुमारास ते गोर्‍या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. मैदानाची कामे उरकल्यावर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावा लागे. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज बाद झाले की दर वेळी बाळूंना आठ आणे देत, असे सांगतात. अशा रीतीने त्यांची डाव्या हाताची फिरकी तयार झाली. त्या मैदानावर त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.

बाळूंची ख्याती ऐकून पुण्यातील हिंदू संघाने त्यांना आपल्यात घेतले. खेळताना सर्वजण एकच चेंडू हाताळीत; परंतु चहाच्या वेळी इतरांना चिनी मातीचे पेले मिळत, आणि बाळूंना बाहेर बसवून मातीच्या भांड्यातून चहा देत. ज्या हातांनी सामना जिंकून द्यावा, त्याच हातांचा विटाळ मानावा, अशी ती रीत होती!

पुढे बाळू मुंबईस गेले, व रेल्वेच्या नोकरीत राहून तिच्या संघातून व हिंदू जिमखान्यातून खेळू लागले. इ. स. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या जयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. इ. स. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर हिंदी संघ विलायतेस गेला. संघ पुष्कळ सामने हरला. तथापि बाळूंनी त्या दौर्‍यात ११४ गडी बाद केले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे मिळाले नाही. इ. स. १९२० साली तर त्यांना वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल हे त्यांचे बंधू स्वाभिमानाने संघाबाहेर पडले. मग बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावणे भाग पडले, व कर्णधार पै यांनी काही वेळ मैदान सोडून संघाची सूत्रे त्यांच्या हाती येऊ दिली. इ. स. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. थोरल्या बंधूंस नाकारलेला मान धाकट्यास मिळाला.

बाळू इ. स. १९५५ साली मुंबईस निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, मैदानावर रूळ ओढणारा व चुन्याच्या रेषा आखणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. खेळ सुरू झाला म्हणजे त्याच्याही हाती चेंडू द्यावा, आणि खेळ संपल्यावर त्याला आपल्याच पंक्तीस बसवावे. बाळूंचे चरित्र वाचून इतके जरी आपण केले, तरी त्यांचे खरे स्मरण झाले असे म्हणता येईल.