बापूजी अणे : मतभेद होते, वैर नव्हतं

लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचा जन्म १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ कायम ठेवणाऱ्या जातीय निवाड्याला त्यांचा विरोध; काँग्रेस ठाम नकार देईना म्हणून १९३४ मध्ये त्यांनी मालवीयांसोबत वेगळा पक्ष काढला. तरी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावेळी व्हाइसरॉयच्या मंडळातलं पद त्यांनीच सोडलं.

निवाड्याबाबत त्यांचं म्हणणं आम्हाला पटत नाही. म्हणून त्यांचं नाव टाळायचं का? मुळीच नाही. जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये आमच्या मुलामुलींनी अण्यांवरही बिनधास्त बोलावं. फक्त समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, आणि वाद संपल्यावर चहा एकत्रच प्यावा.