शंकर बाळकृष्ण दीक्षित : शास्त्र आणि मौज

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि तो अखेरपर्यंत सांभाळला. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा संशोधनग्रंथ आणि रॉबर्ट स्यूएल यांच्यासह सिद्ध केलेला कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची कीर्ती प्रामुख्याने यांवरच उभी आहे.

तथापि, त्याआधी १८९२ मध्ये त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला आणि त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे पर्यायी नाव दिले. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. परीक्षार्थी वा पंचांगकर्ता नव्हे, तर फावल्या वेळी आनंदासाठी वाचणारा सामान्य मराठी वाचक येथे अभिप्रेत आहे, हे या नावातूनच स्पष्ट होते. सूर्य, चंद्र, ग्रह, तारे यांचे ज्ञान सुबोध गद्यात मांडणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. मूलगामी संशोधन आणि रंजक शास्त्रलेखन एकाच लेखणीतून उतरले.

१८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षित निवर्तले. शास्त्रीय वाङ्मय केवळ उपयुक्ततेच्या निकषावर मोजणाऱ्या वाङ्मयेतिहासकाराने ‘मौज’ या शब्दाची दखल घेणे अगत्याचे आहे. अन्यथा मराठी गद्याच्या जडणघडणीचा एक धागा निसटतो.