विल्यम हेन्री साइक्स

विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी, सांख्यिकीतज्ज्ञ व निसर्ग-अभ्यासक होते. दख्खनच्या नद्यांतील अनेक माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनी केले.

जीवन

किशोरवयातच ते कंपनीच्या चाकरीत दाखल झाले. भरतपूरचा वेढा (१८०५) व खडकीची लढाई (१८१७) यांत ते सहभागी होते. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या कलेक्टरींतील लोकसंख्या, जमीनधारा, पिके व हवामान यांची त्यांनी नोंद घेतली. येवला त्या काळी अहमदनगर कलेक्टरीत मोडत असे. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये अस्तित्वात आला. १८३१ मध्ये साइक्स यांनी भारत सोडला. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबरडीनचे संसद सदस्य होते.

माशांचा अभ्यास

दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध १८३९ मध्ये संक्षेपाने व १८४१ मध्ये चित्रांसह लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. खुद्री, कोलस, सांडकोल, नुक्ता अशी स्थानिक नावेच त्यांनी जातिनामे म्हणून योजली. मराठी मुलखातील बोली त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत टिकली. तोंडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता त्यांना चाकणजवळ इंद्रायणीत आढळला.

वारसा

नुक्ता व सायलोनिया चिल्ड्रेनी या त्यांनी वर्णिलेल्या जाती आज संकटग्रस्त मानल्या जातात. पहिल्या पावसात चढणीला लागणाऱ्या माशांची वाट धरणांनी व बंधाऱ्यांनी अडवली. शहरांचे सांडपाणी, वाळूउपसा आणि बाहेरून आणलेला तिलापिया यांनी उरलेल्यांना ग्रासले. येवल्याच्या पश्चिमेस, शेजारच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ जागा निर्माण झाली. ती २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली, तेही मुख्यतः पक्ष्यांमुळे. मात्र खडकाळ तळाच्या वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या माशांना असा गाळाने भरत जाणारा संथ जलाशय मानवत नाही. बंधाऱ्यापूर्वीच्या दख्खनच्या नद्यांत कोणते मासे होते, हे शोधणाऱ्या अभ्यासकाला आजही साइक्स यांच्या यादीपासूनच सुरुवात करावी लागते.