सर डेव्हिड ब्रूस्टर आणि हिरव्या पानांतील तांबडा प्रकाश

शोभादर्शक नळींतील रंगीत कांचांची नक्षी ज्यानें पाहिली नाहीं असा विद्यार्थी विरळाच. परंतु ती नळी निर्माण करणाऱ्या पुरुषाचें नांव फार थोड्यांस ठाऊक असतें. हिरव्या पानाच्या अंगीं दडलेल्या तांबड्या प्रकाशाचें वर्णनहि त्याच पुरुषानें जगापुढें मांडिलें. त्या सर डेव्हिड ब्रूस्टर ह्यांचें अल्पचरित्र आम्ही येथें देत आहों.

ब्रूस्टर ह्यांचा जन्म स्कॉटलंडांतील जेडबर्ग गांवीं ता. ११ डिसेंबर १७८१ रोजीं झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी घरची इच्छा असल्यामुळें बाराव्या वर्षींच त्यांस एडिंबरो विश्वविद्यालयांत धाडण्यांत आलें. १८०४ सालीं त्यांस उपदेश करण्याचा अधिकारहि मिळाला. परंतु उपदेशपीठावर उभें राहतांच त्यांचें मन इतकें घाबरें होई कीं, शेवटीं तें कार्य त्यांस सोडावें लागलें. लहानपणीं दुर्बीण तयार करण्याचा छंद त्यांस जडला होता. तोच आतां त्यांच्या जीविताचा मार्ग झाला. १८१६ सालीं त्यांनीं शोभादर्शक नळी शोधून काढिली. पुढील वर्षीं तिचा हक्कहि त्यांनीं नोंदविला. परंतु लोकांनीं तिच्या नकला करून हजारों नळ्या विकल्या, व ब्रूस्टर ह्यांच्या हातीं कीर्तीवांचून फारसें कांहीं पडलें नाहीं.

१८३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत त्यांनीं एक नवल सांगितलें. लॉरेल झाडाच्या पानांतील हिरवें द्रव्य मद्यार्कांत उतरवून त्यांतून त्यांनीं सूर्यकिरणांची शलाका सोडिली. तों द्रव हिरवा असूनहि शलाकेचा मार्ग बाजूनें पाहतां रक्तासारखा तांबडा दिसला! द्रवांतील सूक्ष्म कणांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून असें दिसतें, असा त्यांनीं तर्क केला.

विद्येप्रमाणें धर्मनिष्ठेंतहि ते खंबीर होते. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या मंडळींत फूट पडली, तेव्हां ते सेंट अँड्र्यूज येथील महाविद्यालयाचे प्रमुख होते. स्वतंत्र मंडळीस मिळाल्यास पद जाण्याचें भय होतें. तरी ते सदसद्विवेकबुद्धीस जागून तिला मिळाले. पद काढून घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो फसला. त्याच वर्षीं आपल्या मुंबईचे डॉ. जॉन विल्सन हेहि स्वतंत्र मंडळींत गेले, हें येथील वाचकांस ध्यानीं ठेवण्याजोगें आहे.

त्या तांबड्या प्रकाशाचा खरा उलगडा १८५२ सालीं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स ह्यांनीं केला. हा प्रकाश विखुरलेला नसून, द्रव्य एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतें, असें त्यांनीं दाखविलें. ह्यासच आपण प्रतिदीप्ति म्हणतों. प्रकाश हा तरंगरूप आहे हें मत ब्रूस्टर ह्यांनीं अखेरपर्यंत मनापासून स्वीकारलें नाहीं. ता. १० फेब्रुवारी १८६८ रोजीं मेलरोजजवळ त्यांचा अंत झाला.

आज ह्या प्रतिदीप्तीचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पानानें शोषिलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग अन्न तयार करण्यांत खर्चतो, कांहीं उष्णतारूपानें जातो, आणि शेंकडा एक-दोन भाग तांबडा होऊन बाहेर पडतो. मद्यार्कांत अन्न तयार करण्याचें काम बंद पडतें, म्हणून तेथें तांबडा प्रकाश अधिक दिसतो. हरितद्रव्य वाढलें म्हणजे हा प्रकाश त्याच प्रमाणांत वाढतो असें मात्र नाहीं. कारण सुमारें ६८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तेंच द्रव्य पुन्हां गिळून टाकतें, व सुमारें ७४० नॅनोमीटरचा बहुतांशीं बाहेर निसटतो. म्हणून ह्या दोहोंचें प्रमाण पाहून, पान न तोडतां, त्यांत हरितद्रव्य किती आहे ह्याचा अंदाज बांधतां येतो. पहिल्याचा वाटा जितका कमी, तितकें हरितद्रव्य अधिक.

विद्यार्थिमित्रहो, ब्रूस्टर ह्यांचा तर्क टिकला नाहीं, पण त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें व प्रामाणिकपणें लिहिलेलें टिकलें. ज्या तोंडास उपदेशपीठावर शब्द सुचत नव्हता, त्याच्या धन्याकडून देवानें आपल्या सृष्टीची वाखाणणी दुसऱ्या रीतीनें करून घेतली. एक वाट बंद झाली म्हणून कोणीं निराश होऊं नये; आणि दुसऱ्यानें दाखविलेलें सत्य आपल्या मताविरुद्ध असलें तरी त्यास पाठ दाखवूं नये. हे दोन्ही धडे आपल्या मुलांनीं ह्या एका चरित्रांतून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.