होळ गावचे होळकर

माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी जे सोबत आणले, त्यात आडनावाइतके टिकाऊ दुसरे काही ठरले नाही. गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की घराण्याचे मूळ ठिकाण कळते. नीरा नदीकाठच्या होळ या लहानशा गावाचे नाव मात्र एका संपूर्ण संस्थानाला लाभले. ते ज्यांच्यामुळे, ते सुभेदार मल्हारराव होळकर.

त्यांचा जन्म १६९३ साली एका धनगर कुटुंबात झाला. या घराण्याचे पूर्वीचे आडनाव वीरकर असून होळ येथील वास्तव्यामुळे ते होळकर झाले, असे परंपरेने सांगितले जाते. मल्हाररावांना मात्र ते गाव फार काळ लाभले नाही. वडील खंडोजी वारले आणि आई लहानग्या मल्हारला घेऊन खानदेशात तळोदे येथे भाऊ भोजराज बारगळ यांच्या आश्रयास गेली. तेथे तलवार हाती आली, कदम बांडे यांच्या पथकातील चाकरी घडली आणि पुढे थोरल्या बाजीरावांनी त्यांचे गुण हेरले. माळवा, दिल्ली, वसई, पंजाब असा त्यांच्या घोड्यांच्या टापांचा विस्तार झाला. मामाच्या घरी वाढूनही आणि माळव्याची सुभेदारी मिळूनही त्यांनी मिरवले ते सुटलेल्या गावाचेच नाव.

१७४७ मध्ये त्यांनी इंदूरच्या राजवाड्याच्या बांधकामास आरंभ केला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात एकुलते पुत्र खंडेराव पडले. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. पुढल्याच वर्षी नातू मालेरावही गेले. पुत्रवंश खुंटला, नाव खुंटले नाही. स्नुषा अहिल्याबाईंनी ते पुण्यशील केले आणि त्यांच्या पश्चात तुकोजीरावांच्या शाखेने ते १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राज्यपदावर राखले.

राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीत होरपळला. लाकडी मजले जळाले, दगडी दर्शनी भाग उभा राहिला. आडनावाचेही तसेच असते. घर जाते, गाव दुरावते, बोलीही बदलते. उंबरठा तेवढा नावात शिल्लक राहतो. राजवाड्यासमोरून जाताना आपल्यापैकी प्रत्येक ‘कर’ाने आपले होळ कोणते, याचे क्षणभर स्मरण करावे.