शिऊरच्या संत बहिणाबाई

संकटात देवाचे नाव सर्वांच्याच तोंडी येते, पण ते बहुधा गाऱ्हाणे म्हणून. दुःख अंगावर असतानाच देवाचे गुण गाणे थोड्यांना साधते. ते ज्यांना साधले, त्या संत बहिणाबाईंचे चरित्र मी भगिनींपुढे ठेवीत आहे. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निराळ्या. ह्या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या.

वेरूळजवळच्या देवगावी सन १६२८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील आऊजी कुळकर्णी, आई जानकी. बाहुल्या खेळण्याच्या वयातच शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी त्यांचे लग्न लागले. पंत तिशीचे, बिजवर आणि स्वभावाने कडक. पुढे भाऊबंदकी व कर्ज यांमुळे वडिलांवर गाव सोडण्याची पाळी आली. आईबाप, मुलगी आणि जावई रातोरात बाहेर पडले व भिक्षा मागत वाट चालू लागले. पण त्याच वाटेवर पंढरपूर लागले. घर सुटले नसते, तर त्या पोरीला विठोबाचे दर्शन केव्हा घडले असते कोण जाणे!

फिरत फिरत मंडळी कोल्हापुरास आली. तेथे एक गाय दानात मिळाली. तिच्या वासराला बहिणेचा असा लळा लागला, की ते कीर्तनालाही तिच्यामागून येई. एकदा जयरामस्वामींच्या कीर्तनात लोकांनी वासराला बाहेर काढले. ते हंबरू लागले, इकडे बहिणाही रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणविले व त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ही गोष्ट पंतांच्या कानी गेली. त्यांनी तिची वेणी धरून तिला बेदम मारले. गाईवासराने चारा सोडला आणि वासरू दगावले. बहिणा शुद्ध हरपून पडली. त्या अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला उपदेश केला. वय अवघे बारा वर्षांचे!

तुकोबा जातीने कुणबी, त्यांना ब्राह्मणाच्या बायकोने गुरू मानावे, हे पंतांना कसे रुचावे? ते घर सोडून जावयास निघाले, पण आजाराने अंथरुणास खिळले. बहिणेने त्यांची मनोभावे सेवा केली. बरे झाल्यावर त्यांचे मन पालटले आणि सर्वजण देहूस गेले. तेथे तुकोबांची कीर्तने ऐकायला मिळाली, काशीबाई ही कन्या झाली. मात्र मंबाजीने त्यांना पुष्कळ छळले. पुढे पुत्र विठ्ठल झाला. शेवटची वर्षे शिऊरास गेली. सन १७०० मध्ये, बहात्तराव्या वर्षी, मागील बारा जन्मांची हकीकत मुलाला सांगून त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे.

आता मला जे विशेष वाटते ते सांगते. बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतःच अभंगांत लिहिले आहे. त्यात त्यांनी मार लपविला नाही, नवऱ्याचा राग झाकला नाही. बाईच्या जन्माला वेद वर्ज्य, मग देव भेटावा कसा, हे गाऱ्हाणेही देवापुढे स्पष्ट मांडले. आणि त्याच अभंगांत देवाचे उपकारही मोजले. दुःख हा देवाचा प्रसाद आहे असे त्यांना मानावे लागले नाही. मार खाणे हा काही धर्म नव्हे; आज एखाद्या भगिनीवर तो प्रसंग आला, तर तिच्या पाठीशी उभे राहणे हाच आपला धर्म. बहिणाबाईंनी दुःखाला दुःख म्हटले, आणि त्यातही मिळालेले गाईवासराचे प्रेम, कीर्तन व गुरूचा शब्द देवाच्या नावे जमा केला.

आपल्या हर्णैला हा हिशेब कळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली तालुक्यातील छपरे उडविली, नारळी-पोफळी आडव्या केल्या. बंदरावरची बाई तर दर पावसाळ्यात जीव मुठीत धरूनच दर्याकडे पाहते. गेले ते गेलेच, त्याला बरे म्हणू नये. पण जे हाती उरले, जो शेजारी मदतीला धावला, त्याबद्दल देवाचे गुण गावेत. भजनाला बसताना डोळ्यांत पाणी आले तरी टाळ थांबवू नये, एवढे बहिणाबाईंच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे.